एप्रिल शहाण्णवची टेप

मी, सहादेव राघो तांबे, वय ६८, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार इंद्रलोक, भाईंदर (पूर्व), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. पुतण्या लोकेश याचे मत वेगळे आहे, ते विचारात घेऊ नये. १९९६ साली रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. राहता ब्लॉक माझी एकुलती मुलगी पंचशीला हिला मिळावा. आधीच्या कागदात तिचे नाव नव्हते. तिने मितेश या गुजराती मुलाशी लग्न ठरवले. गावभरची लग्ने जुळवणाऱ्या बापाला विचारलेही नाही, हे मला झोंबले. आता ती मला तिच्याकडे राहायला बोलावते आहे. कोणत्या तोंडाने जावे हे मला समजत नाही, पण त्याचा ब्लॉकशी संबंध नाही.

२. बौद्ध वधूवर मंडळ आणि त्याचा कॉम्प्युटर लोकेशला. त्यावर लिनक्स मी स्वतः, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून चढवले आहे. माऊस नाही, चित्रे नाहीत, नुसती काळी पाटी आणि पांढरी अक्षरे. म्हणून जुन्या ४८६ मशीनवरसुद्धा तुरुतुरु चालते. दुपारी दोनला मंडळ जेवायला बंद असते. तेव्हा सगळ्या स्थळांची नक्कल आपोआप टेपवर उतरते. टेप आत आहे का, एवढे मात्र माणसाने बघायचे.

ते लोकेशने बघितले नाही. धूळ बसेल म्हणून पहिलीच टेप त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवली. दोन वर्षे मशीन रोज दोन वाजता नक्कल करायला जायचे आणि 'टेप नाही' असे पत्र मला लिहायचे. ती पत्रे मशीनच्याच पेटीत पडत. पेटी मी कधी उघडली नाही. पंचशीलेची पत्रेही मी तेव्हा उघडत नव्हतो, त्यामुळे सगळे खापर लोकेशवर फोडता येत नाही.

माझी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरही त्यालाच. टेस्टर देऊन उपयोग नाही, तो वायर हाताने तपासतो.

३. गेल्या महिन्यात मशीनची डिस्क बंद पडली आणि सगळी स्थळे गेली. कपाटातली एप्रिल शहाण्णवची टेप चढवली आणि सदतीस लग्न झालेली माणसे पुन्हा लग्नाची झाली. लोकेशने याद्या न वाचता वाटल्या. मनोरमा मोहिते यांच्या जावयाला मीरा रोडची मुलगी सांगून आली, तेव्हा त्या चप्पल हातात घेऊनच मंडळात आल्या.

"तांबेभाऊ, माझी पोरगी सहाव्या महिन्यात आहे, आणि तुम्ही जावयाला बायको शोधताय?"

मी त्यांची जाहीर माफी मागतो.

४. ती टेप कोणी पुसू नये. मी रागाने मशीनमधून खोडलेला पंचशीलेचा फॉर्म टेपवर शाबूत निघाला. तो तिने स्वतः भरला होता. मी फक्त उंची आणि शिक्षण तपासले होते. 'अपेक्षा' या रकान्यात लिहिले आहे : "आईमागे बाबा एकटे आहेत. लग्नानंतर ते आमच्याकडे राहतील. मान्य असेल त्यानेच पुढे बोलावे." वाचून मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मग तिची पत्रे उघडली. प्रत्येकात तेच, राहायला या.

येथवर रविवारी लिहिले. सोमवारी तो फॉर्म खिशात घालून तिच्या दारात गेलो. पंचशीला पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही. मितेशरावांनी फॉर्म वाचला.

"बाबा, मी तर पहिल्याच दिवशी हो बोललेलो," ते म्हणाले. "तुम्हीच आला नाय."

त्यांना या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. जावई चालत नाही, असे वकील म्हणाले, म्हणून त्यांनी सर्वांना चहा दिला.

सही : सहादेव राघो तांबे

साक्षीदार :
१. मनोरमा मोहिते (चप्पल पायात)
२. गणेश पवार, शेजारी, इंद्रलोक

दिनांक : २० मे १९९८
ठिकाण : पंचशीलेचे घर, भाईंदर (पश्चिम). माझी पत्रे यापुढे येथेच पाठवावीत. उघडली जातील.