गोडंबीचे लाडू

प्रिय संस्कृती,

फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस अन् सारजाविहीणबाई शेजारीच बसलेल्या असतात. आपला अतुल गंगापूरला येतोय, म्हणून हे पत्र त्याच्या हाती पाठवतेय. एकटी असशील तेव्हा वाच.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं अन् तू सासरीच राहिलीस, तेही मी गिळलं. पण त्यानंतर प्रत्येक फोनला मम्मींची मालिश, मम्मींची शेगडी, मम्मींचे गोडंबीचे लाडू! माझ्या जिवाची लाहीलाही व्हायची. माझी पोर दुसऱ्या बाईला मम्मी म्हणते अन् तिचं कौतुक मलाच ऐकवते. वर म्हणालीस, "आई, त्या बिब्बे फोडून आतली गोडंबी घरीच काढतात. विकतच्या गोडंबीला ती चव नसते." दर थंडीत माझे विकतच्या गोडंबीचेच लाडू बोटं चाटून खाल्लेस, ते बरं विसरलीस.

मग मीही हट्टाला पेटले. गुलमंडीच्या बाजारातून बिब्बे आणले अन् वरवंट्यानं फोडायला बसले. हाताला ना खोबरेल, ना राख. काळं तेल उडत होतं अन् घाम आला की त्याच हातानं मी तोंड पुसत होते. त्या दिवशी लाडूही वळून झाले, तरी काहीच झालं नाही, नुसते डाग पडले. दोन दिवसांनी लई खाज सुटली, पाण्यानं भरलेले फोड आले, डोळे सुजून मिटले. तुझे पप्पा म्हणाले नागीण आहे. शेजारच्या जाहेदाभाभींनी मात्र दारातूनच ओळखलं, बिब्बा उतलाय.

कातडीच्या डॉक्टरांना मी आधी एकच विचारलं, हे बाळाला होईल का? ते म्हणाले, फोडातल्या पाण्यानं पसरत नाही. पण बिब्ब्याचं तेल कपड्याला, भांड्याला राहिलं तर त्यानं होतं. घरी येऊन पप्पांनी वरवंटा, दाराच्या कड्या, नळ, सगळं साबणानं घासलं. लाडू तर टाकलेच, पण बाळासाठी शिवत आणलेलं दुपटंही टाकलं, कारण त्याच हातांनी मी ते घडी घालून ठेवलं होतं. तेव्हा मात्र रडले.

बारशाला मी का आले नाही, ते आता तुला कळलं असेल. घरी पाहुणे आलेत, हे खोटं होतं. तुझे व्हिडिओ कॉल मी कापत राहिले अन् तू समजलीस आई रुसली. रुसले होतेच, ते वेगळं. पण ते सुजलेलं तोंड घेऊन विहीणबाईंसमोर यायचं, अन् त्यांनी एका नजरेत ओळखायचं की ही बिब्बे फोडायला गेली होती, हे मला सोसवलं नसतं. आता फोड वाळलेत. बाळाला खुशाल घ्या, असं डॉक्टर म्हणालेत. तू नुसतं ये म्हण, रविवारी पहिल्या एसटीनं निघते. बाळ त्यांच्या मांडीवर असलं तरी चालेल, फक्त तिथून उचलून तूच माझ्या हातात दे. अन् लाडू त्यांचेच खा. मीही एक खाऊन बघेन म्हणते.

तुझीच, अजूनही जराशी जळणारी,
आई