ढगाअलीकडची वीतभर जागा

३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. हिचा उजवा हात भाजला आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या रुळाशी काम करताना एक चादर वाफेच्या नळामागे अडकली आणि हिने घाईत हात घातला. नळाचा सांधा गळत होता. क्षणभराचंच काम, पण तळहातापासून दोन बोटांपर्यंत कातडी गेली. ती बोटं पुन्हा वळतील की नाही, हे डॉक्टर आज सांगत नाहीत.

मला एक कळत नाही. गेल्या वर्षी माझ्या पायावर उकळती किटली सांडली, आठ दिवसांत मी चालायला लागलो. वाफ थोडी जास्त तापलेली असते हे ठाऊक आहे, पण ती तर फुंकरीएवढी लागली. मग हिचंच एवढं का? त्याच धुलाईघराचा बॉयलर सांभाळणाऱ्याने हे मास्तरणीला विचारावं, म्हणून हसशील. हस.

ही दिवसभर घोकते, मीच धांदरट. वेणी घालून दिली तरी माझी माफी मागते.

तुझी माया आहेच, पत्राची वाट बघतो.
तुझा धाकटा

९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसले नाही, ताटावरून उठले. गॅसवर पातेलंभर पाणी ठेव. दहा मिनिटांत उकळलं, तर त्याच आचेवर ते सगळं आटायला तासाहून जास्त वेळ लागतो. त्या तासात पाणी आणखी तापत नाही. सगळी उष्णता त्याची वाफ करण्यात जाते, आणि वाफ ती जपून ठेवते. थंड कातडीला लागून तिचं परत पाणी झालं की ती सगळी उष्णता तिथेच सोडते, वर उकळतं पाणी उरतंच.

आणि खरी वाफ दिसत नाही. किटलीच्या तोटीशी बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरा ढग पुढे असतो. ढग म्हणजे निवलेल्या वाफेचे थेंब. ती रिकामी जागाच जास्त भाजते. दरवर्षी पोरांना सांगते आणि दरवर्षी एखादं बोट पुढे करतंच.

एक पटत नाही. शेगडी विझली का ते तीनदा बघणारी तुझी बायको, तू तिथेच असताना, तुला न विचारता हात कसा घालेल? धांदरटपणाचा मक्ता घरात तुझाच. दूध उतू घालवायचं तर तुझ्यासारखं कोणी घालवलं नाही. तिला माझं नाव सांगून दटाव, आणि दोघं जपा.

ताई

१४ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिने विचारलं होतं, ताई. आमच्याकडे रीतच आहे, नळाजवळ हात घालायचा तर आधी मला विचारायचं. मी पाहिलं. पांढरा ढग सांध्यापासून वीतभर लांब, मधे काहीच नाही. मी म्हटलं, ढगाच्या अलीकडून घाल, मोकळं आहे. पंधरा वर्षं मी वाफ अशीच ओळखत आलो.

तिला त्या वेळचं आठवत नाही. यंत्रांच्या आवाजात दुसऱ्या कोणी ऐकलं नाही. पुढच्या सोमवारी चौकशी आहे. तिला हाताने लिहिता येत नाही म्हणून तिचा जबाब मीच लिहून घेतला. न विचारता हात घातला, चूक माझी, असं ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. खरं सांगितलं तर माझा बॉयलरचा परवाना जाईल. नाही सांगितलं तर तिला कामावर परत घेणार नाहीत. काय करू?

माया कमी करू नकोस.
धाकटा

१७ डिसेंबर

चि. धाकट्यास,

ढगाचं तुला कोणी शिकवलं नव्हतं, त्याचा बोल मी लावणार नाही. पण तो जबाब लिहिताना तुला सगळं ठाऊक होतं. तो कागद फाड. चौकशीच्या आधी तिला सांग, साहेबांच्या तोंडून तिला कळता कामा नये. परवान्याचं नंतर बघू. आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

ताई

५ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं दिसेल, डाव्या हाताचं पहिलंच पत्र आहे. ह्यांनी मला सांगितलं, चौकशीच्या आदल्या सकाळी, मोजे चढवता चढवता, माझ्याकडे न बघता. चौकशीतही सांगितलं. परवाना गेला, आता हे ओल्या चादरींच्या गाड्या ढकलतात. मला परत घेणार आहेत, कपड्यांवरच्या वॉर्डांच्या खुणा तपासायला. दोन बोटं वळणार नाहीत.

नळाचा मला राग नाही. ती जागा मोकळी दिसली म्हणतात, मलाही तशीच दिसली असती. राग आहे तो नंतरच्या दिवसांचा. मी माफी मागत होते आणि हे मागू देत होते. आता वेणी घालून देतो म्हणतात, मी डोक्याला हात लावू देत नाही. मला वेगळ्या पत्रात तुम्ही विचारलंत, क्षमा केलीस का. नाही केली. करेन की नाही, आत्ता सांगता येत नाही, आणि वन्सं, तुम्ही मधे पडू नका.

माझा जबाब नव्याने मागितला होता. हे लिहून देतो म्हणाले. मी कागद ओढून घेतला आणि दार लावून बसले. अख्खी दुपार गेली, तीन कागद वाया गेले. शेवटी एकच ओळ नीट उमटली, मी विचारलं होतं.

तुमचा लोभ आहेच, सध्या भावापेक्षा माझ्यावर थोडा जास्त असू द्या.
तुमची भावजय