मागाच्या खोलीतला एसी

पवनी, १२ एप्रिल २०२५

चि. सौ. रीतास दादाचे पोटभर आशीर्वाद.

घाम सोडला तर इकडे सारं बरं आहे. फोन असून पत्र काहून लिहितो, असं विचारशील. फोन लावला का तुझी वहिनी हातातून घेते आन् माझ्याही वाटचं बोलून टाकते. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होते.

खुशबूची साडी मागावर चढवली. मे महिन्याच्या पंचवीस तारखेले लग्न, भाचीच्या अंगावर मामाच्याच हातची साडी पायजे. पण मागाची खोली टिनाची. मागच्या उन्हाळ्यात वहिनी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता चक्कर येऊन पडली होती, म्हणून औंदा काहीतरी घेणंच आहे. मी म्हणतो मोठा कूलर. वहिनी म्हणते एसी, आन् तो येईपर्यंत एक कांडी भरणार नाही म्हणून रुसून बसली आहे. शेवटी ठरलं, रीता सांगन ते दोघांनी ऐकायचं. तू कूलर सांग. मी सांगायले लावलं, हे मात्र सांगू नको.

जावईबापूले नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा,
चंद्रभान

जवाहरनगर, १९ एप्रिल २०२५

ती. दादाले रीताचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. त्याच डाकेने वहिनीचंही मिळालं. अक्षर वेगळं, बाकी मजकूर तोच. फक्त कूलरच्या जागी एसी.

दोन्ही पत्रं तुमच्या जावईबापूले दाखवली. कारखान्यात यंत्रं तपासून तपासून यायले घरीही तीच सवय लागली. खोलीची लांबी-रुंदी मांडली, टिन धरलं, खिडकी धरली. मग म्हणाले, आत बसणाऱ्या माणसांचीही गरमी धरावी लागते. दोन माणसं धरली. मी सांगतलं का दोघं दिवसभर भांडतात, तर खोडून चार केली. त्यांचा निकाल असा, का थंड आन् गरम दोन्ही हवा देणारा एसी घ्या, हिवाळ्यातही कामी येईल.

दादा, रागावू नका. वहिनीची चक्कर आठवली का माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. एसीच घ्या.

खुशबू साडीचा रंग रोज विचारते. धाकटीवरची माया आहे तशी राहू द्यावी.

तुमची,
रीता

पवनी, ६ मे २०२५

चि. सौ. रीतास आशीर्वाद, थोडे रागाचे.

एसी लागला. पहिल्या दिवशी अर्धी गल्ली पाहायले आली. वहिनीने रिमोटची कोणती कळ दाबली कोण जाणे, गरम हवा सुरू झाली. गल्लीतल्या चंद्रभागाबाई म्हणाल्या, नवीन मशीन आहे, आधी तापन मग थंड होईल. आम्ही अकरा जण मे महिन्यात दार लावून तासभर वाट पाहत बसलो. शेजारचा भुपेंद्र आला, त्याने कळ बदलली. मग इतकं थंड झालं का वहिनीने स्वेटर घातला आन् सुखाने कांड्या भरायले बसली.

पण रीता, आता हसण्यासारखं नाही. ताण्याचे उभे धागे तुटून राहिले. एक जोडला का दुसरा तुटते. दिवसभरात चार बोटंसुद्धा विणून होत नाही. चाळीस वर्षं हात मागावर आहेत, असं कधी झालं नाही. मले वाटते, हातच थकले. खुशबूसाठी दुकानातली एखादी साडी पाहून ठेव. तिले एवढ्यात सांगू नको.

चंद्रभान

पवनी, १३ मे २०२५

सौ. रीताबाईंस सत्यभामावहिनीचा प्रेमाचा नमस्कार.

दुकानात जाऊ नका. हे गुपचूप धागे जोडत बसले होते, तीन दिवस माझ्याशी भांडले नाहीत. मी चहात मीठ टाकून पाहिलं, तरी पिऊन टाकला. तेव्हा मी घाबरली. चंद्रभागाबाईले विचारलं, त्यांच्या घरीही माग होता. त्या म्हणाल्या, कोरड्या हवेत धागा कडक होते आन् तुटते. त्यांच्या सासूबाई उन्हाळ्यात मागाखाली पाणी शिंपायच्या.

एसी तर माझ्या हट्टाचा, आता बंद करा कोणत्या तोंडाने म्हणू? मी रिमोट तांदळाच्या डब्यात टाकला आन् हरवला म्हणून सांगतलं. भुपेंद्रकडून जुना कूलर आणून खिडकीत बसवला. ओली हवा आली आन् दुसऱ्याच दिवशी धागा धरायले लागला. हे आपले हात पाहतात आन् लेकरासारखे खुश होतात. त्यांना काही कळवू नका. काल चहा गोड झाला म्हणून ओरडलेसुद्धा.

तुमच्या मायेची भुकेली,
सत्यभामा

पवनी, २१ मे २०२५

चि. सौ. रीतास आन् खुशबूस अनेक आशीर्वाद.

साडी काल मागावरून उतरली. आंब्यासारखी पिवळी, काठ जांभळा. शुक्रवारी घेऊन येतो.

साडीची घडी घालता घालता तुझ्या वहिनीने स्वतःच सारं कबूल केलं आन् रडली. मी म्हटलं, हात शाबूत निघाले, मले आणखी काय पायजे? एसी काढून आतल्या खोलीत लावला, तिच्यासाठी. दुपारी दार लावून झोपायले गेली, दहा मिनिटांत परत. काहून म्हणून विचारलं तर म्हणते, तिथं एकटीले करमत नाही. आता कूलरसमोर पाट टाकून बसते. सारी हवा तिलेच लागते, मले नुसता आवाज. सरक म्हटलं तर सरकत नाही, आन् मीही दुसऱ्यांदा म्हणत नाही.

भेटीची आस धरून,
तुझा दादा