ऐकीव ऊब

प्रिय ताई,

अक्षर ओळखून पत्र बाजूला टाकू नकोस. बाबांच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून आपलं जे बिनसलं, ते उकरून काढायला लिहीत नाहीये. मी वैतागलोय, आणि माझी कटकट शेवटपर्यंत ऐकून घेणारी तू एकटीच होतीस.

वैताग आहे एका इंग्रजी शब्दाचा. ॲप्रिसिटी, म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. इतकी साधी गोष्ट, वाटलं, जुन्या साहित्यात पानोपानी असेल. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत नियम असा, की कोणीतरी शब्द खरोखर वाक्यात वापरलेला दाखवायचा. तरच त्याला जागा. महिनाभर जुन्या कविता, नाटकं, प्रवचनं, प्रवासवर्णनं उपसतोय. धुळीने घसा बसला. हा पठ्ठ्या सापडतो तो फक्त जुन्या कोशांत! चारशे वर्षांपूर्वी एकाने नोंदवला, दुसऱ्याने त्याच्याकडून उतरवला, तिसऱ्याने दुसऱ्याकडून. अर्थ सगळे छातीठोकपणे सांगतात, पण उन्हात बसून तो शब्द वापरणारा एकही माणूस मला भेटला नाही. आमच्या संपादकबाई म्हणतात, काढून टाका. मला ते पटत नाही, आणि पुरावाही देता येत नाही.

रविवारी आईपुढे हेच तणतणत होतो. ती भाजी निवडत ऐकत होती, आणि एकदम रडायलाच लागली. एका शब्दासाठी कोण रडतं! मग हळूहळू बोलली. तू माझी आठवण काढतेस असं ती मला दर वेळी सांगते ना, ते तू कधीच बोललेली नाहीस. आणि माझं म्हणून तुला जे सांगते, तेही तिच्याच पदरचं. आता तिच्याच्याने हे होत नाही म्हणाली.

इतका संताप आला, ताई. आईचा नाही, आपला. एवढे घोडे झालो आणि म्हातारीला खोटं बोलायला लावतोय. त्यात तेच खोटं ऐकायला मी दर रविवारी तिच्याकडे धावत जात होतो.

म्हणून हे पत्र. मला तुझी आठवण येते. हे आईने सांगितलेलं नाही, मी माझ्या हाताने लिहिलंय. कचेरीच्या मागच्या पायरीवर जेवणाच्या सुट्टीत छान ऊन येतं. तिथे मी एकटाच डबा खातो. ये. भांडायला आलीस तरी चालेल.

अजूनही तुझाच,
धाकटा