तुमचं लंगडणं

अण्णा, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी कुणी पुढारी लंगडत स्टेजवर चढताना दिसला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडं जाते. ही सवय तुमच्यामुळं लागली. तुम्ही व्यावसायिक कबड्डी खेळायचात, मोठमोठे संघ तुम्हाला बोलावून न्यायचे. मग डाव्या गुडघ्यानं दगा दिला, तुम्ही मंठ्याला परत आलात आणि थोड्याच दिवसांत निवडणुकीला उभे राहिलात. लंगडत माइकपाशी गेलात की भाषणाआधीच टाळ्या पडायच्या. "गड्यानं जिल्ह्याच्या नावासाठी पाय मोडून घेतला," असं लोक एकमेकांना सांगायचे.

प्रचाराच्या दिवसांतली एक दुपार. आई भाकरी थापतेय, तुम्ही खाली बसून जेवताय, मी नुकतीच कॉलेजातून आलेय. दूध उतू जायला लागलं तसे तुम्ही ताडकन उठलात आणि दोन ढांगांत जाऊन गॅस बंद केलात. जराही न लंगडता. "अण्णा, पाय दुखून न्हाई राह्यला?" मी विचारलं. तुम्ही परत ताटावर बसलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "बापावर पाळत ठेवती का गं?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. त्याच संध्याकाळी तीर्थपुरीच्या सभेत तुम्ही दोघांच्या खांद्यांवर हात टाकून पायऱ्या चढलात. निवडूनही आलात. मंग मला तुमचं काहीच खरं वाटेना. कुणाच्या मयतीला तुम्ही डोळे पुसलेत, तरी मी रुमाल ओला झालाय का ते बघायचे.

पुढं गुडघा बदलायची वेळ आली. डॉक्टर तपासून म्हणाले, "ह्या पायावर हे इतकी वर्षं चालले कसे?" आई तिथंच रडायला लागली. "घरात मुद्दाम सरळ चालायचे," ती म्हणाली, "मला कळू न्हाई म्हणून." मी मात्र चौकशी केली. तो डॉक्टर तुमच्याच पक्षातला निघाला. दुसऱ्याला दाखवू म्हटलं, तर तुम्ही हसलात. "चल. होऊ दे तुझं समाधान." दुसराही बराबर तेच बोलला. येताना गाडीत तुम्ही विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं."

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. नव्हतं झालं. घर येईपर्यंत मी एवढाच विचार करत होते, की हा डॉक्टर मत कुणाला देत असेल.