चिंचेला अडलेलं पातं

१० मार्च

मंगल, तू विसरली असशील, मी तुझी माय. अजून हाय. मागल्या फोनला माझी गोष्ट अर्ध्यात आलती न तू "थांब, कुकर बघून येते" म्हणून गेलीस ती गेलीसच. त्या कुकरमधी आतापर्यंत भाताचा कोळसा झाला असंल. म्हणून ठरवलं, मी बोलायचं न शोभानं लिहायचं. वही भरली की पुण्याला पाठवू. वाचलीस तर वाचलीस. मला तरी बोलल्यासारखं वाटंल.

शोभाला ताकीद दिली हाय, मी बोलंन तेच लिहायचं. सून म्हणून तिच्याबद्दल काही बोलले तरी.

आज पवनचक्कीचं पातं आलं. मांजरसुंब्याहून गाडी निघाली ती हळूहळू, पुढं माणूस, मागं माणूस, लाल झेंडे. पातं एवढं लांब की तोंड आपल्या दारात न शेपूट मारुतीपाशी. आपल्या चिंचेजवळ रस्ता वळतो ना, तिथं गाडीचं तोंड वळलं, पातं वळंना. बुंध्याला टेकलं. पुढं जाईना, मागं येईना. सगळा गाव बघायला जमला. तुझा भाऊ दत्ता घामानं भिजला. का म्हणून, तर ते पातं त्याच्याच माळावर उभं राहणार. माळ त्यानं कंपनीला भाड्यानं दिलाय. हे मी तुला सांगितलंय. असो.

शोभानं संध्याकाळी पिठलं केलतं. पातळ. (लिही, लिही.)

१२ मार्च

कंपनीचा इंजिनिअर आला. निखिल नाव, नागपूरकडचा. पोरगा गुणाचा, पण बोलताना माणसाकडं कमी न मोबाईलकडं जास्ती बघतो. मी चिंचेखाली बाजेवर.

"आजी, एकच झाड आहे."

"मी बी एकच हाय, बाबा."

म्हणला, बदल्यात पुष्कळ रोपं लावू. कुठं? तर तिकडं धारूरच्या अंगाला, सरकारी जागेत. मी म्हणलं, मग माझी बाज रोज तिकडं कोण नेणार, तू का दत्ता?

दत्ता मधीच, "माय, झाड रस्त्याच्या हद्दीत हाय. आपलं न्हाई." मी म्हणलं, रस्त्यावर डांबर पडलं ते काल-परवा. चिंच माझ्या सासूच्या लग्नाच्या आधीची हाय. रस्ताच चिंचेच्या हद्दीत आलाय.

खरं सांगू का मंगल. गुडघे गेले माझे. घरातून निघायचं न चिंचेपर्यंत जायचं, एवढंच माझं फिरणं. तिथं बसलं की कोण आलं, कोण गेलं, कुणाची सून रुसून माहेरी चालली, सगळं कळतं. चिंच गेली की मी घरात, भिंतीकडं तोंड करून. पवनचक्कीच्या पंख्याशी माझं वाकडं न्हाई. फिरू दे की. लाईट गेल्यावर उकडून माझा बी जीव कासावीस होतो. पण माझ्या सावलीवरून नको.

निखिल म्हणला, चिंच अशी तोडता येत न्हाई, कायदा हाय, परवानगी लागती. अर्ज टाकलाय. वनखात्याचं माणूस बघून जाईल. तोवर पातं हितंच.

मला कायदा आवडला. पहिल्यांदाच.

१७ मार्च

पात्याचा ड्रायव्हर सलीम. बीडचा, फळवाल्यांच्या घरातला. गाडीखालीच पथारी टाकलीय. पहिल्या दिवशी ढाब्यावर जाऊन जेवला. दुसऱ्या दिवशी शोभानं भाकरी दिली. आता सकाळीच विचारतो, "अम्मा, आज कशाची भाजी?"

आज कुरडया झाल्या. आळीतल्या बायांनी बघितलं, पातं गुळगुळीत, पांढरंफेक, ऊन कसं तापल्या तव्यावानी. शिडी लावली, जुन्या साड्या अंथरल्या, टोकाकडनं कुरडया घालीत आल्या. सलीम गाडीभोवती फिरतोय, "कंपनीचं मालय अम्मा, माझी नोकरी जाईल." शोभानं त्याला वाटीभर चीक दिला, वरून साखर. मग सलीमच शिडी धरून उभा. कावळं आलं की हाकलतोय.

कुरडया दुपारपर्यंत खडखडीत. अंगणात दोन दिवस लागतात.

१८ मार्च

निखिल पातं तपासायला आला. नखानं काहीतरी खरवडलं.

"आजी, हे काय?"

"कुरडई."

"मी रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"कुरडई लिही. तळून देऊ का?"

खाल्ल्या की चांगल्या पानभर. जाताना म्हणला, "आजी, खरं सांगतो, देवाचं झाड असतं ना, तर आमच्या साहेबांनी केव्हाच दुसरीकडून रस्ता काढला असता. देवाच्या भानगडीत कंपनी पडत नाही."

पोरगा सहज बोलला.

२८ मार्च

मधले दिवस लिहायचे राहिले. न्हाई, राहिले न्हाईत, मीच लिहू दिले न्हाईत. लिहिणारीपासूनच लपवायचं व्हतं, मग सांगायचं कुणाला? पण आता पोटात राहीना. शोभा, पेन खाली ठिवायचा न्हाई.

निखिल बोलून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळा गाव झोपला तवा, मी सैपाकघरातला वरवंटा उचलला. शेंदूर मारुतीला आणलेला घरात व्हताच. तेलात कालवला, वरवंट्याला फासला, न चिंचेच्या ढोलीत उभा केला. वर दोन फुलं. हात जोडले. मनात म्हणलं, देवा, तू खरा असशील तर मला माफ कर न हितं जरा बस.

मागं वळून बघती तर गाडीखाली सलीम जागा.

"अम्मा, हे काय?"

"देव."

"कधी आले?"

"आत्ताच."

"कुठनं आले?"

"जवळूनच."

सलीमनं तोंडावरून रुमाल ओढून घेतला. म्हणला, "मी झोपलोय."

शोभा लिहायची थांबलीय. माझ्याकडं बघतीय. आठवडा झाला वरवंटा शोधतीय बिचारी, शेजारणीवर आळ घेऊन आली.

(शोभानं लिहिलंय: वन्सं, मी आळ घेतला नव्हता, नुसतं विचारलं होतं.)

मी म्हणलं ना, मी बोलंन तेच लिहायचं!

२९ मार्च

देवाचं बरं चाललंय. बन्सीची शेळी हरवलेली सापडली न त्यानं पहिला नारळ फोडला. बन्सी म्हंजे आपल्या पलीकडच्या घरातला, ग्रामपंचायतीला दर खेपेला उभा राहतो न दर खेपेला पडतो, तो. शेळी त्याच्याच कडब्याच्या गंजीमागं व्हती. पण नारळ फुटला.

कोणता देव, कुणाला ठाऊक? बायांनी नाव ठेवलं चिंचोबा. मला विचारलं, "माय, तुमी रोज हितं बसता, कधी प्रकटला?" म्हणलं, मला डुलकी लागलती.

निखिल तर देव बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी आलता, बूट काढून उभा राहिला. ढोलीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझा हात लाल. शेंदूर लई चिवट असतो, मंगल. देवाचा फोटो काढून साहेबाला पाठवला.

५ एप्रिल

जिंकलं! कंपनीनं चिंचेचा अर्ज मागं घेतला. मागच्या गायरानाच्या कडेनं तात्पुरता रस्ता काढला, पंचायतीनं ठराव दिला. आज दोन मशिनी लावून गाडी मागं ओढली न पातं तिकडून वळलं. बायांना वाईट वाटलं, उडदाचे पापड राहिलते.

सलीमला शिदोरी दिली. गाडीत चढताना ढोलीकडं बघून म्हणला, "अम्मा, तुमच्या देवाला माझा सलाम सांगा. लई कामाचे आहेत." न एवढा मोठा हॉर्न दिला की चिंचेवरची सगळी पाखरं उडाली.

दत्ता बी खूश. त्याचा पंखा बी झाला न माझं झाड बी ऱ्हायलं. चिंचोबाला साष्टांग घातला त्यानं. मला तिकडं बघवंना. लहानपणी त्याच वरवंट्यानं वाटलेली चटणी खाऊन मोठा झालाय तो.

१४ एप्रिल

मंगल, इपरित झालं.

बन्सीनं समिती काढली. चिंचोबा मंदिर समिती. अध्यक्ष बन्सी. सचिव कोण? तुझा भाऊ. ठरलं असं की देवाला मंदिर बांधायचं, पुढं सभामंडप, वर सिमेंटचा स्लॅब. न कंपनीनं काय करावं? देवाच्या मर्जीत राहावं म्हणून सगळं सिमेंट कंपनी देणार.

मी म्हणलं, बांधा की. झाडाच्या बाजूला बांधा.

बन्सी म्हणतो, "बाजूला कसं? देव जिथं प्रकटला तिथंच गाभारा पाहिजे. झाड काढावं लागंल, माय. मुळ्या फरशी उचलतात. पाखरं देवावर घाण करतात."

"अरे, देव झाडात आला!"

"म्हणून तर झाडातून बाहेर काढायचा."

यापरीस कंपनी परवडली. ती निदान रोपं लावणार व्हती.

१५ एप्रिल

मन घट्ट केलं न बन्सीला बोलावून खरं सांगितलं. म्हणलं, बन्सी, तो वरवंटा हाय. आमच्या घरचा. मी ठिवला. शोभाला विचार, मिरचीचा वास येतो का न्हाई बघ.

बन्सीचे डोळे भरून आले. म्हणला, "माय, म्हंजे देवानं तुमच्या हातून हे करून घेतलं. तुमी केवढ्या पुण्यवान." न माझ्याच पाया पडला. आता मंदिराच्या पाटीवर माझं नाव घालायचं म्हणतोय.

दत्तानं मला बाजूला घेतलं. म्हणला, "माय, आता हे कुणाला सांगू नको. उद्घाटनाला आमदार येणार हायेत."

१८ एप्रिल

निखिलला निरोप धाडला. माळावर पंखा उभा करतायत, तिथनं आला. सगळं सांगितलं. पोटभर हसला. म्हणला, "आजी, कायद्यात देवाला सूट नाही. कंपनी असो, नाहीतर समिती, चिंच तोडायला परवानगी लागतेच. त्यांनी अर्ज केला की तुम्ही हरकत घ्या."

"कशी घ्यायची?"

"मी चिंच तोडायला जो अर्ज लिहिला होता ना, त्याच्या उलटं लिहायचं. मी लिहिलं होतं, झाड जुनं झालंय, आतून पोखरलंय, रहदारीला धोका आहे. तुम्ही लिहा, झाड जोमात आहे, ढोलीत पक्षी आहेत, गावाला सावली आहे."

"अरे, दोन्ही खरं कसं?"

"आजी, ती नोकरी होती."

हरकत शोभानं लिहिली. नवऱ्याच्या समितीविरुद्ध! मी अंगठा लावला, शोभानं खाली सही केली. वळणदार. मी म्हणलं, दत्ता रागावंल गं. तर म्हणती, "रागावू द्या. मंडपानं अंगण खाल्लं तर मी कुरडया कुठं वाळवू? न मला माझा वरवंटा पाहिजे." मंगल, ही पोरगी मी एवढे दिवस नुसती पिठल्यावरून पारखत व्हते.

२३ एप्रिल

घरात अबोला. दत्ता शोभाशी बोलत न्हाई, शोभा दत्ताशी, न दोघं माझ्या तोंडून बोलतात. "माय, तिला सांग, मोटार बंद कर." "आत्या, त्यांना सांगा, उठून स्वतः करा." मी दोघांचे निरोप जरा बदलून देती. तेवढीच करमणूक.

मिस्त्री आला. फक्कीनं आखलं. पांढरी रेघ सरळ माझ्या बाजेखालून गेली.

"आजी, बाज हलवा."

म्हणलं, आधी झाड हलव, मग बाज हलती.

गेला बिचारा. बन्सी म्हणतो, अर्ज टाकलाय, परवानगी यायचीच हाय, तोवर निदान फांद्या तरी छाटू. दत्ता त्याच्यासंगं कुऱ्हाड घेऊन आला. चिंचेखाली आला, माझ्याकडं बघितलं न कुऱ्हाड बाजेला टेकवून खाली बसला. मग म्हणला, "माय, हितं वारं बरं येतं गं." माझ्या ताटातली अर्धी भाकरी दिली. बन्सी चिडून गेला.

दत्तानं समिती सोडली का? न्हाई. पण कुऱ्हाड घरी नेली.

२७ एप्रिल

तालुक्याहून वनपाल बाई आल्या. तुझ्यापेक्षा लहान असतील. बुंध्याला टेप गुंडाळला, ढोलीत बॅटरी मारली. आतून घुबडाचं पिल्लू बाहेर बघतंय, खाली चिंचोबा. बन्सी म्हणला, "देवाचं वाहन!" बाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं टोपी नीट केली.

दोन्ही बाजू ऐकल्या. बन्सी भक्तीवर बोलला, निखिल कायद्यावर बोलला, शोभा कुरडयांवर बोलली. मला विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं?"

लई ठरवून ठिवलतं. ऐन वेळी एवढंच आलं, "बाई, मला घरात बसवू नका."

बाईंनी लिहून घेतलं. म्हणल्या, निकाल लेखी येईल, तोवर कुणी फांदीलाही हात लावायचा न्हाई. निकाल कसा लागंल म्हणून विचारलं तर हसल्या नुसत्या. ते हसणं कोणत्या बाजूचं, मला काही कळलं न्हाई. शोभा म्हणती आपल्या बाजूचं. दत्ता म्हणतो, सरकारी माणसं तशीच हसतात.

मी निकाल येईपर्यंत चिंचेखालीच. अंघोळीला तेवढी घरात.

आता काय पाठवायचं ते नीट ऐक. गोड काही पाठवू नको. देवापुढं रोज पेढे येतात, माझी शुगर वाढली, शोभा मोजून देती. लसणाची शेव पाठव. बारीक, जिला दात लागत न्हाईत ती. दोन पुडे पाठव. एक वनपाल बाईंना द्यावा म्हणलं तर शोभा ओरडती, निकाल लागायच्या आधी दिला तर ती लाच ठरती. बरं. मग दोन्ही मीच खाईन. पण लवकर पाठव.