विसाव्या हरकतीऐवजी

प्रति,
मा. न्यायमंत्री महोदय,
न्याय मंत्रालय, राजधानी.

अर्जदार: होसेया ताबी, वय ७३, मु. लामोरू, उत्तरेकडील बेट. (बोट पंधरा दिवसांनी येते.)

विषय: कैदी बोए गाराए याच्या सुटकेविरुद्ध मी घेतलेल्या एकोणीस हरकती मागे घेण्याबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे पत्र: "हरकती अंगठ्याच्या आहेत, माघार सहीची आहे. अर्जदार तोच असल्याचे सिद्ध करावे."

महोदय,

१. मी तोच आहे. या कागदाखाली सही केली आहे आणि अंगठाही लावला आहे. पण अंगठा जुन्याशी जुळणार नाही, कारण चार वर्षांपूर्वी नारळ सोलताना त्याचे टोक कोयत्याने गेले. म्हणून गावप्रमुखांचा दाखला जोडला आहे. त्यांनी लिहिले आहे की याच्याइतका हट्टी माणूस या बेटावर दुसरा नाही, तेव्हा ओळखण्यात चूक होणे शक्य नाही.

२. आपल्या पदाविषयी मी आपल्याला सांगावे हे बरे दिसत नाही, पण या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे. माझ्या लहानपणी या बेटांना न्यायमंत्री नव्हता. इंग्रजांचे एक आणि फ्रेंचांचे एक अशी दोन सरकारे होती, दोघांचे पोलीस वेगळे, तुरुंग वेगळे. कोणत्या तुरुंगात जेवण बरे मिळते, हे लोक चोरी करण्याआधी विचारून घेत. मग आपला झेंडा लागला आणि पुढच्या वर्षी पहिले न्यायमंत्री बोटीने आमच्या गावी आले. गावाच्या नाकामालात, म्हणजे बैठकीच्या घरात, जमिनीवर बसून त्यांनी आमच्याबरोबर करवंटीने कावा, म्हणजे आमचे मुळीचे गुंगीचे पेय, घेतला. तेव्हाच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी विचारले, "तुम्ही माणसाला आत टाकता की बाहेर काढता?" मंत्री म्हणाले, "दोन्ही नाही, काका. निवाडा न्यायाधीश करतो. कोर्टाला छप्पर आहे ना, तुरुंगात जेवायला मिळतं ना, आणि गरिबाचा कागद हरवत नाही ना, एवढंच मी बघतो." प्रमुख म्हणाले, "हात्तिच्या, म्हणजे कारकून!" सगळे हसले, मंत्रीही हसले. "कारकूनच. पण तुमचा कागद हरवणार नाही."

त्यानंतर किती सरकारे पडली. ते वचन मात्र प्रत्येक मंत्र्याने पाळले. माझा एकही कागद हरवला नाही. माझे दुःख तेच आहे.

३. सव्वीस वर्षांपूर्वी बोएने माझा मुलगा सिलास याला कोयत्याने मारले. सिलास चोवीस वर्षांचा होता, बोए बावीस. दोघे एकाच होडीत मासे धरायला शिकले होते. आमचे डुक्कर बोएच्या रताळ्यांत शिरले, त्यावरून शब्दाला शब्द वाढला. बोएला जन्मठेप झाली. त्याच्या घरच्यांनी वळलेल्या सुळ्यांची डुकरे आणि लाल चटया माझ्यासमोर आणून ठेवल्या. रीत अशी की बापाने त्या घ्याव्यात आणि वैर तिथे संपावे. मी घेतल्या नाहीत. उलट बोएच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर नामेले झाडाचे पान रोवले. ते रोवले की वाट बंद होते, आणि ज्याने रोवले त्यानेच ते उपटायचे असते. वाळले की मी नवे रोवत आलो. बोएची आई लेतिस इतकी वर्षे मागच्या चिखलातून पाणी आणत आली.

४. पुढे कळले की जन्मठेपेच्या कैद्यालाही दया मिळू शकते आणि तो कागद न्यायमंत्र्यांच्या टेबलावरून जातो. तेव्हापासून रेडिओवर नव्या मंत्र्याचे नाव ऐकले की मी आमोस मास्तरांचे दार ठोठावत असे. "लिहा, सोडू नका म्हणून." मास्तर म्हणत, "अरे होसेया, त्याला खुर्ची तरी गरम करू दे." मी म्हणे, "गरम होईपर्यंत टिकतोय कुठे तो?" अशा एकोणीस हरकती झाल्या.

५. आमोस मास्तर वारले. आता लिहून देणारे कोणी नव्हते, म्हणून वयाच्या सत्तराव्या वर्षी मी अक्षरे शिकायला बसलो. चर्चच्या ओसरीवर मोठ्या माणसांना शिकवणारी आमच्याकडे एकच बाई आहे. ती म्हणजे लेतिस. पहिल्या दिवशी तिने विचारले, "आधी कुणाचं नाव शिकायचं?" मी म्हटले, "सिलास." तिने ते पाटीवर लिहिले. खडू माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "अक्षरं कशाला शिकतोयस ते मला ठाऊक आहे, दादा. शिकवीन. पण गिरवताना घाई करू नकोस."

दोन वर्षांनी विसावी हरकत मी माझ्या हाताने लिहिली. चुका तपासायला तिच्याशिवाय कोणी नव्हते, म्हणून तिलाच दिली. तिने चष्मा लावून वाचले: बोए गाराए याला मरेपर्यंत सोडू नये. तीन ठिकाणी चुकले होते, ते तिने पेन्सिलीने दुरुस्त केले. 'मरेपर्यंत' हा शब्द माझ्याकडून अर्धाच राहिला होता. तो तिने पुरा केला. "आता मंत्र्यांना नीट वाचता येईल," म्हणाली आणि कागद परत दिला.

तो मला पाठवता आला नाही.

६. एकोणीस हरकतींत जे कुठेच नाही, ते आता लिहितो. कुंपण बांध, असे बोएने मला तीनदा सांगितले होते. तिसऱ्यांदा सिलासही त्याच्या बाजूने बोलला होता. मी म्हटले, "माझं डुक्कर माझ्या मर्जीनं फिरेल." त्या दिवशी डुकराचे भांडण मिटवायला सिलास बोएच्या मळ्यात गेला, तेव्हा मी घरात जेवत होतो.

७. लेतिस आता अंथरुणावर आहे. तिची दृष्टी गेली आहे. आरोग्यसेविका म्हणते की नाताळ गाठला तरी पुष्कळ. बोटीचा आवाज आला की म्हातारी मान उचलते. डुकरे आणि चटया मी आता मागून घेतल्या आहेत आणि गेल्या रविवारी पान उपटले आहे. इकडची वाट मोकळी आहे.

तरी माझ्या एकोणीस हरकती रद्द समजून बोएला सोडावे. सोडता येत नसेल, तर पहाऱ्यात का होईना, एका बोटीने आणावे आणि पुढच्या बोटीने न्यावे. अंगठ्याबद्दल शंका राहिली तर मला राजधानीला बोलवावे, मी येईन.

एक विनंती आणखी आहे. उत्तर मोठ्या आणि सुट्या अक्षरांत यावे. ते तिला मीच वाचून दाखवणार आहे, आणि मी अजून अडखळतो.

कागद जपल्याबद्दल आभारी आणि त्याच कागदांपायी लाजलेला,
आपला नम्र,
होसेया ताबी
(सही, व शेजारी उरलेला अंगठा)
लामोरू, ता. ९ ऑक्टोबर

सोबत:
१. गावप्रमुखांचा दाखला.
२. विसावी हरकत, न पाठवलेली. पेन्सिलीच्या दुरुस्त्या कैद्याच्या आईच्या हातच्या आहेत. बोएला दाखवाव्यात.
३. नामेलेचे वाळलेले पान, एक. परत पाठवू नये.